गर्भ म्हणजे कलम नव्हे

कर्जतला शिक्षकांच्या एका बैठकीत खालापूरकडच्या एका बाईंनी विचारले, "निम्मे गुण बापाचे असलेला गर्भ आईच्या शरीराला परका कसा वाटत नाही?" शेजारच्या गुरुजींनी लगेच उत्तर दिले, "आंब्याचे कलम जगते, तसेच ते. गरोदरपणी आईची प्रतिकारशक्ती झोपी जाते." हे उत्तर मुलांना चटकन पटते, म्हणूनच ते तपासले पाहिजे.

आंब्याच्या झाडात पांढऱ्या पेशी नसतात. परके ओळखून हाकलण्याचा आपल्यासारखा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. त्वचेच्या कलमाची उपमा मात्र जुनी आहे. १९५३ साली पीटर मेदावार यांनी ती वापरून तीन शक्यता मांडल्या: आई व गर्भ यांच्यात वारेची भिंत असते, गर्भावर परकेपणाच्या खुणा उमटलेल्या नसतात, किंवा आईची प्रतिकारसंस्था मंदावते. इतका नेमका प्रश्न विचारला, हे मेदावारांचे श्रेय. उत्तरे मात्र अपुरी ठरली.

आरएच रक्तगटाचेच उदाहरण घ्या. आरएच निगेटिव्ह आईच्या पोटी पॉझिटिव्ह मूल असेल, तर बहुधा प्रसूतीच्या वेळी मुलाच्या तांबड्या पेशी तिच्या रक्तात उतरतात आणि ती प्रतिपिंडे बनवू शकते. पुढच्या खेपेस ही प्रतिपिंडे वार ओलांडून गर्भाच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. म्हणजे भिंत अभेद्य नाही, खुणा आहेत आणि आईची प्रतिकारसंस्था जागी आहे. म्हणूनच प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात.

मग गर्भ टिकतो कसा? आईला प्रत्यक्ष भिडणाऱ्या वारेच्या पेशी एचएलए-ए व एचएलए-बी ही ओळख सांगणारी जनुके बंद ठेवतात आणि एचएलए-जी हे निराळे जनुक चालू करतात. गर्भाशयातल्या आईच्या पांढऱ्या पेशी तो निरोप ओळखतात. त्यांपैकी काही तर वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रुंदावण्यास मदत करतात. याला झोप कसे म्हणायचे?

चुकीच्या उपमेची किंमत बायकांनी मोजली आहे. 'आई गर्भ नाकारते' या समजुतीतून वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचा उपचार निघाला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. उलट यशाचे प्रमाण कमीच भरले. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी घेतलेल्या चाचण्यांबाहेर तो थांबवला. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच घोटाळा असतो. तरीही "हिच्याच रक्तात दोष" हे वाक्य घरोघरी ऐकू येते.

तेव्हा वर्गात कलमाऐवजी आरएचचे उदाहरण द्यावे. दहावीतल्या मुलींपैकी कुणाला तरी ते पुढे उपयोगी पडेल.