खिडकीखालचा माणूस

तैयब मेहता यांच्या चित्रकलेचा विचार एका खिडकीपासून सुरू करण्याची प्रथा आहे. १९४७ मध्ये मुंबईतील महंमद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी एका माणसाला जमाव ठार मारत असताना पाहिले आणि पुढे कित्येक दिवस ते तापाने आजारी होते. कोसळणाऱ्या आकृती, जखडलेला बैल, छिन्न अवयव या साऱ्यांचा उगम समीक्षक या प्रसंगात शोधतात. ते चुकीचे नव्हे. स्वतः मेहता यांनीही तो प्रसंग सांगितलेला आहे. मात्र या रीतीने मारला गेलेला माणूस चित्रकाराच्या चरित्रातील एक तपशील होऊन बसतो, आणि चित्राने त्याच्यासाठी काय केले हा प्रश्न विचारायचाच राहतो.

चित्रात तो प्रसंग नाही. जमाव नाही, शस्त्र नाही, रस्ता नाही. आहेत ती मोठी सपाट रंगक्षेत्रे, बारीक बाह्यरेषा, आणि १९६९ पासून सारा चित्रावकाश तिरका छेदणारी कर्णरेषा. १९६८ मधील न्यूयॉर्कच्या वास्तव्यात पाहिलेल्या बार्नेट न्यूमन यांच्या चित्रांशी तिचे नाते जोडले जाते. पण न्यूमन यांची उभी रेघ रंगाला दुभागते, मेहतांची तिरकी रेषा माणसाला. मारेकरी अदृश्य राहतो, त्याचे काम रेषा करते. १९७० च्या ‘कूडल’ या लघुपटात मेहतांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यातील जनावर प्रत्यक्ष दाखविले. कॅमेऱ्याला दिलेली ही मोकळीक कुंचल्याला त्यांनी कधी दिली नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे कोसळणाऱ्या या देहाला धर्म नाही. दंगलीतील मृताविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोणाचा?’ असा, फाळणीच्या स्मृतीत मृतांची मोजदादही बहुधा त्याच हिशेबाने झाली. वेश, खूण, चिन्ह यांपैकी काहीच अंगावर नसलेली ही आकृती कोणत्याही जमातीच्या खात्यावर मांडता येत नाही. मेहतांच्या संयमाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. त्यामागचा हा नकार तितकासा ओळखला गेलेला नाही.

त्या नकाराची किंमतही आहे. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यातून पायी हिंडले, तेव्हा काही रेखाटनांवर त्यांनी माणसांची नावे लिहिली. त्या उपाशी देहांना गाव होते, घर होते, हाका मारणारे कोणी होते. मेहतांचा देह सर्वांचा होतो आणि त्यामुळेच कोणा एकाचा राहत नाही. खिडकीखालचा माणूस येथेही अनामच उरतो. चित्रे दिवाणखान्यांत इतक्या शांतपणे टांगता येतात, त्याचे एक कारण हेही असावे. चित्तप्रसादांची वाट मात्र अधिक सुरक्षित होती असे नव्हे. ‘हंग्री बेंगॉल’ या त्यांच्या पुस्तकाच्या पाच हजार प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. कुटुंबीयांनी जपून ठेवलेली एक प्रत तेवढी वाचली.