राडारोड्याचे रस्ते : घोषणा आणि गणित

'टाकाऊतून टिकाऊ' ही घोषणा शालेय विज्ञान प्रदर्शनांत हमखास दिसते. पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटची खडी करून रस्ते बांधावेत, हे तिचे एक आवडते उदाहरण. खाणींसाठी डोंगर कमी फोडावे लागतात, राडारोडा नदीकाठी किंवा खाडीत पडत नाही, हे खरेच आहे. पण तक्ता येथेच संपतो, आणि आमचा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

जुन्या काँक्रीटचा तुकडा म्हणजे नुसता दगड नव्हे. दगडाला सिमेंट-वाळूचा सच्छिद्र थर चिकटलेला असतो. म्हणून बेसाल्टची चांगली खडी वजनाच्या एक-दोन टक्के पाणी शोषते, तर ही बहुधा तीन ते आठ टक्के. ती झिजतेही लवकर. भारतीय मानक ३८३ (२०१६) अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि प्रबलित काँक्रीटमध्ये (एम-२५ पर्यंत) २० टक्केच घालू देते. विटांची भेसळ असलेल्या खडीला या दोन्ही ठिकाणी मज्जाव आहे.

रस्त्यात तिची योग्य जागा मुख्यतः खालच्या थरांत. चाकाचा भार तेथे पोचेपर्यंत पसरून कमी झालेला असतो. मात्र तेथेही पाण्याचा निचरा पाहावा लागतो. झिरपणाऱ्या पाण्यात चुना विरघळतो, हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि निचऱ्याच्या नळ्या बुजतात. अमेरिकेत हा अनुभव आलेला आहे.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी सरकारी कामांत असा माल १० ते २० टक्के वापरण्यास सांगितले. हेतू चांगला, पण टक्केवारी ठरवल्याने मालाची प्रत ठरत नाही. प्रत ठरते ती इमारत पाडताना. काँक्रीट, विटा, लाकूड आणि जिप्सम एकाच डंपरमध्ये भरले, की पुढे कितीही चाळले तरी जिप्समचा चुरा पूर्ण निघत नाही. त्यातील सल्फेटमुळे सिमेंट फुगून तडकू शकते.

हे वर्गात पडताळता येते. खडीचा आणि जुन्या काँक्रीटचा एकेक तुकडा उन्हात वाळवून तोला, २४ तास पाण्यात ठेवा, फडक्याने पुसून पुन्हा तोला. ताज्या फोडलेल्या काँक्रीटचा चुरा पाण्यात ढवळून फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका. बहुधा गुलाबी रंग येईल. मग विचारा : ही खडी कोठे वापराल, आणि कोठे नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यावर आले, तरच तो विज्ञानाचा तक्ता म्हणायचा.