‘९९ टक्के’ वाचलं की थांबा

पेरासिटिक आम्लाच्या पाण्यात कोंबडी बुडवली आणि साल्मोनेला ९९ टक्के कमी झाला, असा पेपर हातात आला की लगेच भारावून जाऊ नका. आधी तीन प्रश्न विचारा.

एक, ९९ टक्के म्हणजे फक्त २ लॉग. १० लाख जिवाणू लावले असतील, तर १० हजार उरलेच की!

दोन, नुसत्या पाण्याने धुतलेला कंट्रोल आहे का? पाण्यानेही जिवाणू वाहून जातात. ते श्रेय आम्लाला कशाला द्यायचं?

तीन, न्यूट्रलायझर वापरलाय का? नमुन्यासोबत आलेलं आम्ल बाटलीतही जिवाणू मारत राहतं. मग आकडा कोंबडीचा नाही, बाटलीचा असतो. अमेरिकेच्या एफएसआयएसने याच कारणासाठी जुलै २०१६ पासून तपासणीचं द्रावण बदललं.

माझ्या पहिल्या प्रयोगात मी सोडियम थायोसल्फेट घालायला विसरलो होतो. प्लेट कोऱ्या निघाल्या, मी खूश! आठवडा फुकट गेला. पण तेव्हापासून कुठलाही पेपर मी ‘पद्धती’पासून वाचतो, निष्कर्षापासून नाही.