पेनीवरचे पाठभेद

1860 सालची ब्रिटिश पेनी दोन धातूंत सापडते. एक तांब्याची, जवळपास 19 ग्रॅम वजनाची. दुसरी ब्राँझची, वजनाने तिच्या निम्मी. इंग्लंडने तांब्याची पेनी सोडली ते हेच वर्ष. यातली तांब्याची पेनी भिंगाखाली धरली, तर 60 च्या आडून 59 डोकावतो. आदल्या वर्षाचा ठसा वाया घालवण्याऐवजी त्याच पोलादावर नवे आकडे ठोकले गेले. इथे ठसा सालाहून जुना. याच्या नेमके उलट आपल्याकडच्या 1862 च्या रुपयाचे: तेच साल 1874 पर्यंत छापले जात राहिले, आणि मुंबई टांकसाळीने खरे वर्ष ओळखण्यासाठी बारीक ठिपक्यांचा आधार घेतला. पोथीच्या अभ्यासकाला हे नवे नाही. नकलाकाराने लिहिलेला शक आणि पोथीचे वय यांत अंतर असू शकते, तसेच हे.

मग कोणत्या फरकाला पाठभेद म्हणायचे आणि कोणत्याला नुसता हस्तदोष? मायकेल फ्रीमन यांच्या ब्राँझ नाण्यांवरील ग्रंथाचे (1970, सुधारित आवृत्ती 1985) मोल मला इथे वाटते. त्याआधी पेक यांनी ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहाची भक्कम सूची केलीच होती. पण फ्रीमन यांनी राणीच्या बाजूच्या ठशांना आकडे दिले, मागच्या बाजूला अक्षरे, आणि या दोहोंची जोडी हेच एकक मानले. 1860 मध्येच नाण्याची कड मण्यांची होती ती दातेरी झाली. मधल्या घाईत एका बाजूला मणी आणि दुसऱ्या बाजूला दाते अशीही नाणी पडली. जोड्या मांडल्या की टांकसाळीतला हा गोंधळ क्रमाने वाचता येतो. सुट्या नोंदींतून तो वाचता आला नसता.

पुढच्या संग्राहकांनी मात्र सालाच्या आकड्यांमधली अंतरेही मोजायला घेतली. शेवटचे आकडे हाताने ठोकले जात, तेव्हा ती अंतरे बदलणारच. त्यांवरून एकेक ठसा ओळखता येतो, हे खरे. पण प्रत्येक सरकलेल्या आकड्याला स्वतंत्र प्रकाराचा मान देणे मला पटत नाही. त्यात अभ्यासापेक्षा लिलावाच्या यादीची सोय अधिक दिसते. (आणि 8 च्या पोटात 7 शोधायला बसलेल्या डोळ्याला तो हमखास दिसतो!)

तरीही बारकाई फुकट जात नाही. 1882 मध्ये लंडनच्या टांकसाळीत नवी यंत्रे बसत होती, म्हणून पेनी बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडल्या गेल्या. सालाखाली त्यांची खूण म्हणून ‘एच’ आहे. एच नसलेली 1882 ची पेनी अतिशय दुर्मीळ, म्हणून एच खरवडून काढण्याचा मोह मोठा. नुसते अक्षर नाही एवढ्यावर निकाल देता येत नाही. सालाखालचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहावा लागतो, आणि दोन्ही बाजूंचे ठसे अशा अस्सल नाण्यांवर नोंदलेल्या जोडीशी जुळतात का, ते ताडून पाहावे लागते.