बऱ्हाणपूरची शिला आणि आमचे कुलवृत्तान्त

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीच्या आतल्या भिंतीत एक संस्कृत शिलालेख आहे. मशिदीत संस्कृत लेख, तोही देवनागरी लिपीत, म्हणून आलेल्या पाहुण्यास तो कौतुकाने दाखविण्याची आम्हा गावकऱ्यांची रीत आहे. आम्हीही तो पुष्कळांना दाखविला. परंतु हा लेख म्हणजे एक वंशावळ आहे, आणि वंशावळ म्हणून ती विलक्षण प्रामाणिक आहे, हे आमच्या ध्यानात यावयास फार वर्षे लागली.

शके १५११ मध्ये, म्हणजे इ. स. १५९० च्या आरंभी, खानदेशचा फारूकी सुलतान आदिलशहा याने तो पंचांगाच्या तपशिलासह कोरविला. फारूकी हे नाव थेट खलिफा उमर फारूक याच्यापर्यंत नाते सांगते. लेखात वंशाचे नाव तेच आहे. पण पिढ्या मोजावयास आरंभ होतो तो राजा मलिकपासून, जो या भागात प्रत्यक्ष येऊन राहिला आणि १३९९ मध्ये वारला. पुढे गजनी, कैसर, हसन, आदिल, मुबारक आणि शेवटी लेख कोरविणारा आदिलशहा. या सातांपैकी कैसर आणि हसन हे दोघे कधीच गादीवर बसले नाहीत. उलट १४५७ पासून १५०१ पर्यंत राज्य करून ज्याने खानदेशास वैभव आणले, तो दुसरा आदिलखान या यादीत नाही. कारण उघड आहे. थोरली शाखा खुंटल्यावर गादी धाकट्या शाखेकडे आली. लेख रचणाऱ्या पंडितास राजांची ओळ लिहिणे सोपे होते आणि धन्यास ते शोभलेही असते. त्याने राजे न लिहिता बाप लिहिले.

आमच्या मते कुलवृत्तान्ताची परीक्षा याच कसोटीवर करावयास हवी. आणि या कसोटीस उतरतील असे कुलवृत्तान्त मराठीत थोडे आहेत.

हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. गोखले, आपटे, बापट आदी घराण्यांचे जाडजूड ग्रंथ आहेत. रियासतकार सरदेसायांनी संपादिलेल्या ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ १९५७ मध्ये निघाल्या, त्या आजही अभ्यासकाच्या हाताशी असतात. सारस्वतांपुरते बोलावयाचे तर १७२१ चे ‘कोंकणाख्यान’ आणि १८८४ मध्ये रा. भि. गुंजीकरांनी लिहिलेले ‘सरस्वतीमंडळ’ ही नावे आमच्या वाचकांस परिचित असतील. या लेखकांच्या परिश्रमांविषयी आमच्या मनात आदरच आहे. गावोगाव पत्रे धाडून, उत्तर न आल्यास पुन्हा धाडून नावे गोळा करणे हे काम किती चिकाटीचे आहे, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. परंतु आदर म्हणजे समीक्षेतून सूट नव्हे.

पहिला दोष आरंभाचा. बहुतेक कुलवृत्तान्त परशुरामापासून किंवा गौड देशापासून निघतात आणि एका परिच्छेदात दोन हजार वर्षे ओलांडून मूळ पुरुषापाशी येतात. पुराणाचा मान आहेच; सह्याद्रिखंडातील कथा श्रद्धेने वाचावी. पण श्रद्धेची कथा आणि कागदाची नोंद एकाच शाईने, एकाच सलग वंशवृक्षात छापली म्हणजे वाचकास पायाखालची जमीन कोठे संपली ते कळत नाही. राजवाड्यांनी १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ छापताना ती एका हातची नसून निरनिराळ्या काळी रचलेल्या प्रकरणांची आहे, हे उलगडून दाखविले आणि मगच तिच्यातून उत्तर कोकणातील वसाहतीचा इतिहास काढला. ही शिस्त त्यांच्यामागून आलेल्या कुलवृत्तान्तकारांनी का घेतली नाही, याचे आम्हास आश्चर्य वाटते.

परंतु आमचे खरे भांडण देशावर आणि देशाबाहेर गेलेल्या शाखांवरून आहे. कोणताही कुलवृत्तान्त उघडा. कोकणातल्या मूळ घराची पाने भरगच्च असतात आणि मधूनच एखाद्या भावापुढे ‘उत्तरेत गेला, पुढील माहिती उपलब्ध नाही’ एवढेच असते. त्या एका ओळीत आमच्यासारखी शेकडो घरे बुडाली आहेत. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर निजामाकडून पेशव्यांकडे आले, १७७८ मध्ये ते शिंद्यांस मिळाले आणि १८६० पर्यंत बहुतांशी त्यांच्याकडेच राहिले. शिंद्यांच्या पदरी सारस्वत मुत्सद्द्यांचा आणि सेनानींचा केवढा दबदबा होता, हे सांगावयास नकोच. जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस ही माणसे महादजीच्या आणि दौलतरावाच्या काळी उत्तरेत वावरली. अशा एका सरदारामागे कारकून, भिक्षुक, वैद्य, आचारी, पाणक्ये असा सारा गाव चालत जात असे. १७९४ मध्ये महादजी वारले, पुढे त्यांच्या विधवा आणि दौलतराव यांच्यात वैर पेटले, शेणवी सरदारांनी बायांची बाजू घेतली, आणि तो पक्ष मोडला तेव्हा ही माणसे जेथे होती तेथेच विखुरली.

अशांचा माग काढताना आडनावाचा भरवसा धरणे ही दुसरी मोठी चूक. जिवबादादा मूळचे पेडण्याकडील केरीचे केरकर. फौजेची बक्षीगिरी आली आणि घराणे बक्षी झाले. गाव सुटला की गावावरून पडलेले आडनाव नव्या ठिकाणी उगाच अवघड वाटते आणि हुद्द्याचे नाव चिकटते. हुद्दा जातो, नाव राहते. आडनावाच्या अनुक्रमणिकेने रचलेला ग्रंथ अशा घरास कसा सापडावा? त्याहून टिकाऊ धागा कुलदेवतेचा. १५६० आणि त्यापुढील वर्षांत साष्टी आणि तिसवाडीकडील देव अंत्रुजात आले, मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून, आणि माणसे दाही दिशांस गेली. तरी लग्नमुंजीच्या वेळी नारळ कोणत्या देवाच्या नावाने ठेवावयाचा ते मात्र घर विसरले नाही. बऱ्हाणपुरात वाढलेल्या आमच्या आजीला कोंकणी येत नव्हती. पण देवापुढच्या नारळास ती ‘नाल्ल’ म्हणे, बाजारातल्या नारळास ‘नारळ’. हा पुरावा कोणत्या कुलवृत्तान्तात नोंदविला जातो?

याच धाग्याने आम्ही अंत्रुजातील आमच्या कुलदेवतेच्या दारी गेलो. गोव्याच्या देवस्थानांत महाजनांची नोंदपुस्तके आहेत. पोर्तुगीज अमदानीत १८८६ चा आणि पुढे १९३३ चा माझनी नियम झाला, त्यामुळे ती व्यवस्थित ठेवली गेली. वंशशोधकास हे मोठेच धन आहे. पण त्यात नोंद पुरुष वंशजांची, आणि जे हजर होते त्यांची. आमचे आडनाव त्यात नव्हते. कारभाऱ्यांनी प्रसाद दिला, आदराने बसविले आणि नोंद नसल्याने महाजन म्हणता येणार नाही असे सौजन्याने सांगितले. नियमाने ते बरोबर होते. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही.

नाव सापडले ते त्र्यंबकेश्वरी. तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या खापरपणजोबाच्या वडिलांची मोडीतील नोंद निघाली: मूळ गाव गोमंतकातील, हल्ली वस्ती बऱ्हाणपूर, निसबत मुदपाकखाना. आमच्या घरातील पिढीजात समजूत अशी की मूळ पुरुष लखबादादांचा फडणीस होता. तो स्वयंपाकी निघाला! घरातील वडीलधाऱ्यांस हे रुचले नाही. छापावयाच्या वंशावळीत ‘शिंद्यांच्या सेवेत’ एवढेच लिहावे, असा त्यांचा आग्रह पडला.

येथे आम्हास ऑस्ट्रेलियातील इंग्रज घराण्यांची आठवण होते. १७८८ पासून १८६८ पर्यंत इंग्रज सरकारने सुमारे १,६२,००० बंदिवान तिकडे धाडले. त्यांच्या वंशजांनी कित्येक पिढ्या ती गोष्ट दडवून ठेवली. आजोबा कोण म्हणून मुलांनी विचारले तर विषय बदलावा. पुढे वारे फिरले आणि बंदिवान पूर्वज सापडणे ही अभिमानाची गोष्ट झाली. गंमत अशी की, सरकारने बंदिवानाचे नाव, वय, गुन्हा, जहाज, अंगावरची गोंदणे देखील लिहून ठेवलेली असल्याने त्याचा नातू आज सहज आपल्या गावापर्यंत पोहोचतो. आपल्या खर्चाने आणि आपल्या इच्छेने गेलेल्या सभ्य गृहस्थाचा माग त्या मानाने कठीण. आमच्याकडे जहाजांच्या याद्या नाहीत, कारण आमची माणसे घाट चढून पायी गेली. आमच्या याद्या वह्यांत आहेत, दप्तरांत आहेत, आणि बऱ्हाणपूरपुरते म्हणाल तर जितक्या राजवटी तितक्या गावी विखुरल्या आहेत: पुणे, ग्वाल्हेर, नागपूर. मोडी वाचणारा जवळ नसला तर त्याही मुक्याच.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचाही नावाने उच्चार होतो. मातामहाचे कूळही येते. म्हणजे विधीस तीन पिढ्यांच्या स्त्रिया नावाने ठाऊक असाव्या लागतात. छापील कुलवृत्तान्तात मात्र मुली लग्नाबरोबर पानाबाहेर जातात आणि सुना ‘भार्या’ या शब्दाखाली, पुष्कळदा नावावाचून, उभ्या राहतात. ज्या धर्माचा दाखला हे लेखक पदोपदी देतात, त्याची स्मृती त्यांच्या ग्रंथांहून रुंद आहे. स्त्रियांची नावे मिळत नाहीत, ही सबब आम्हास पटत नाही. तीर्थाच्या वहीत ती पुष्कळदा असतात, कारण यजमान पिंड देण्यासाठीच तेथे आलेला असतो.

आमच्या घरातील वाद अखेर मिटला. वंशावळीत ‘मुदपाकखाना’ हा शब्द आहे तसा छापावा, लखबादादांची कथा निराळ्या पानावर ‘घरातील समजूत’ या मथळ्याखाली द्यावी, आणि मूळ पुरुषाच्या वरची जागा कोरी ठेवावी, असे ठरले. त्र्यंबकच्या त्या नोंदीत त्याच्या आईचे नाव आहे, सत्यभामा. तिचे माहेर कोणते, ते लिहिलेले नाही.