मुख्याध्यापकपदाची पूर्वतयारी : सेवाज्येष्ठतेच्या नियमाची चिकित्सा
(धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात)

महाराष्ट्रातील खाजगी माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक कोणी व्हावे, हे १९८१ च्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती नियमावलीतील नियम ३ ठरवितो. पदवी, बी.एड. आणि ५ वर्षांचा अध्यापन-अनुभव (त्यापैकी किमान २ वर्षे बी.एड. नंतरचा) असलेला, समाधानकारक सेवा-अभिलेख असणारा ज्येष्ठतम शिक्षक या पदावर नेमला जातो. संस्थाचालकांच्या मर्जीला या नियमाने लगाम घातला, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. ग्रामीण भागात संस्था आणि गावातील राजकारण अनेकदा एकाच वाड्यातून चालते. तेथे ज्येष्ठतेचा आधार सोडून देणे शिक्षकांना परवडणारे नाही.

तथापि ‘समाधानकारक’ हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. समाधानकारक ठरते ती शिक्षक म्हणून केलेली सेवा. तीवरून प्रशासक म्हणून असलेली क्षमता गृहीत धरली जाते. पंचवीस वर्षे गणित उत्तम शिकविणारा शिक्षक एका सकाळी पदभार स्वीकारतो आणि शालार्थवरील वेतन देयके, यू-डायसची माहिती, बिंदुनामावली, पोषण आहाराच्या नोंदी या सर्वांस उत्तरदायी ठरतो. लहान शाळेत पर्यवेक्षकाचे पदही मंजूर नसते. त्यामुळे मधली पायरीच नाही.

हे लिपिकीय काम मात्र कालांतराने अंगवळणी पडते. खरी कसोटी अन्यत्र आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. दहावीतील मुलीला आजीजवळ ठेवा, परीक्षेचा अर्ज भरला आहे, हे पालकांना फडावर निघण्यापूर्वी पटवून देणे हे मुख्याध्यापकाचेच काम होय. त्यास गावाची नाडी, संवादाचे कौशल्य आणि सहकाऱ्यांचा विश्वास लागतो. पटसंख्या घटली की संचमान्यतेत पदे कमी होतात आणि शिक्षक अतिरिक्त ठरतात. म्हणजे येथील अपयशाची झळ वर्गापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोहोचते. २०१८ मध्ये हा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट झाला. त्या कार्यक्रमाच्या शैक्षणिक निर्देशकांत मुलींची स्वच्छतागृहे, वीज, पाठ्यपुस्तके आहेत. शाळाप्रमुखाची तयारी नाही.

प्रशिक्षणाच्या सोयी नाहीत असे नव्हे. छत्रपती संभाजीनगर येथे शैक्षणिक नियोजन व प्रशासनासाठी राज्याची स्वतंत्र संस्था आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने शालेय व्यवस्थापन पदविका चालविली. परंतु नियम ३ तिची अट घालीत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुख्याध्यापकांकडून वर्षाकाठी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते, तीही पदावर बसलेल्यांकडून. आधी पद, मग तयारी हा क्रम कायम राहतो. निवृत्तीस दोन-तीन वर्षे उरली असता पद मिळालेल्याला तर शिकलेले वापरण्यास अवधीच उरत नाही.

यावर ज्येष्ठता मोडीत काढावी, असा उपाय सुचविला जातो. तो उतावळेपणाचा आहे. उलट पूर्वतयारीची सर्वांत मोठी सोय याच नियमावलीत दडलेली आहे. नियम १२ नुसार प्रत्येक संस्थेस ज्येष्ठता यादी ठेवून ती कर्मचाऱ्यांत फिरवावी लागते. निवृत्तीचे वय ५८ निश्चित आहे. पुढील मुख्याध्यापक कोण आणि साधारणतः केव्हा, हे शाळेला अनेक वर्षे आधी ठाऊक असते. यादीतील पहिल्या दोघा-तिघांना किमान एक वर्ष विद्यमान मुख्याध्यापकासोबत वेतन देयके, पालकभेटी आणि तपासणी यांत सहभागी करून घेण्याची तरतूद नियम ३ मध्ये जोडण्यास कोणाच्याही हक्काला बाधा येत नाही.