तपकिरी पट्टीखालचं छिद्र

कानाच्या मशीनमध्ये घालतात ती बटणाएवढी बॅटरी सहसा कुणी निरखून पाहत नाही. संपली की काढायची, नवी बसवायची, एवढाच तिच्याशी संबंध. पण कवितेचं करतात तसं एखाद्या कारखानी वस्तूचं रसग्रहण करायचं झालं, तर मी आधी हीच उचलेन, आणि तीही ३१२ नंबरची. व्यास ७.९ मिलिमीटर, उंची ३.६ मिलिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. श्रवणयंत्र वापरणारे हिला पट्टीच्या रंगावरून ओळखतात: तपकिरी ३१२ ची, पिवळी १० ची, नारिंगी १३ ची, निळी ६७५ ची. आंतरराष्ट्रीय खुणेत हिचं नाव पीआर ४१. आता मौज अशी, की घड्याळात घालतात ती एसआर ४१ नावाची चांदीच्या ऑक्साइडची बॅटरी मापाने अगदी हिच्याएवढीच असते. तिच्यात मावते सुमारे ४५ मिलिअँपिअर-तास वीज. हिच्यात १७०-१८०. तेवढ्याच डबीत चौपट माल कसा आला?

उत्तर असं, की माल वाढवलेला नाही. अर्धा माल डबीत भरलेलाच नाही.

कुठल्याही बॅटरीत देणारा आणि घेणारा अशी जोडी लागते. जस्त इलेक्ट्रॉन देतं. समोर चांदीचं, पाऱ्याचं किंवा मँगनीजचं ऑक्साइड बसलेलं असतं, ते घेतं. दोघांनाही डबीत जागा लागते. जस्त-हवा सेलमध्ये घेणारा आहे ऑक्सिजन, आणि तो तर बाहेर फुकट पसरलेला आहे. त्याला डबीत कोंडून ठेवायचं कारणच उरलं नाही. त्याच्यासाठी आत फक्त एक भेटीची जागा राखायची: मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी जाड, काळी चकती. उरलेली सगळी डबी जस्ताची. आपल्याकडे अल्पाक्षरी रचनेचं कौतुक करताना गाळलेल्या शब्दांनाही श्रेय देतात. या रचनेतलं सगळ्यात मोठं श्रेय असंच गाळलेल्या गोष्टीला आहे. मात्र गाळलं की त्याची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच. ती इथे मोजली जाते त्या पट्टीखाली, सपाट बाजूवरच्या छिद्रांपाशी.

म्हणून ही वस्तू वाचायला छिद्रापासून सुरुवात करावी. पट्टी सोलली की अधिक चिन्हाच्या बाजूला सुईच्या टोकाने पाडल्यासारखी छिद्रं दिसतात. सेलला आयुष्यभरात जेवढा ऑक्सिजन लागतो, तो सगळा एवढ्या वाटेनेच आत जातो. किती? १८० मिलिअँपिअर-तासांचा हिशेब मांडला, तर ४० मिलिलिटरच्या थोडा वर. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर हवेतला. आणि या डबीचं स्वतःचं आकारमान ०.२ मिलिलिटरसुद्धा नाही! आपल्या आकाराच्या दोनशेहून अधिक पट वायू ती गिळते, तोही पंप नाही, पंखा नाही, झडप नाही, अशा अवस्थेत. आतला ऑक्सिजन खर्च झाला की तिथे त्याची उणीव होते आणि बाहेरचा आपोआप झिरपत येतो. मागणी तेवढा पुरवठा, पण छिद्राच्या मर्यादेपर्यंतच. त्यापलीकडे प्रवाह मागितला तर व्होल्टेज कोसळतं. या सेलमधून जास्तीत जास्त किती वीज ओढता येईल, हे रसायनापेक्षा भोकाची भूमितीच अधिक ठरवते.

मग भोक मोठं का करत नाहीत? कारण त्या वाटेने ऑक्सिजन एकटा येत-जात नाही. पाण्याची वाफही त्याच दाराने फिरते. आत थेंबभर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आहे, साधारण ३० टक्के किंवा त्याहून थोडं तीव्र. बाहेरची आर्द्रता ५०-६० टक्क्यांच्या जवळपास असेल, तर हे द्रावण ना सुकतं ना ओलावतं. पण मे महिन्यातल्या नागपुरात ते छिद्रातून उडू लागतं, सेलचा अंतर्गत रोध वाढतो, आणि जस्त शिल्लक असतानाही सेल दमतो. जुलैतल्या रत्नागिरीत उलटी तऱ्हा. बाहेरचं बाष्प आत शिरतं, द्रावण फुगतं आणि हवेच्या वाटाच पाण्याने बुजू लागतात. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येऊन अल्कलीचं कार्बोनेट करून ठेवतो, तो वेगळाच. विदर्भातल्या आजोबांची आणि कोकणातल्या आजींची एकाच पाकिटातली बॅटरी वेगवेगळे दिवस का चालते, याचं एक मोठं कारण हे आहे.

ऑक्सिजनला हो म्हणायचं आणि वाफेला नाही, असं भोक जगात नाही. क्षेत्रफळ वाढलं की दोघांचीही ये-जा त्याच प्रमाणात वाढते. तेव्हा अभियंत्याच्या हाती उरतं ते प्रमाण, आणि थोडी चतुराई. मधोमध एकच मोठं छिद्र पाडलं, तर त्याच्या थेट खालच्या भागाला भरपूर ऑक्सिजन मिळतो, कडा उपाशी राहतात, आणि पाणीही नेमकं तिथूनच जास्त उडतं. तेच क्षेत्रफळ चार-पाच बारीक छिद्रांत वाटून तळभर पसरलं, की पूर्ण चकती कामाला लागते. खालून एक सच्छिद्र कागद ठेवतात, आलेली हवा आडवी पसरवायला. कॉक्लिअर इम्प्लांटला साध्या श्रवणयंत्राच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. त्यासाठीच्या ६७५ सेलला म्हणून हवेची वाट मुद्दाम रुंद ठेवतात आणि पाणी लवकर जाण्याची जोखीम पत्करतात. भोकाच्या आकारात आयुष्य आणि ताकद यांचा सौदा झालेला असतो. हा सौदा मला या सगळ्या रचनेचा गाभा वाटतो.

कागदाच्या आत टेफ्लॉनचा पातळ पडदा असतो. वायू जाऊ देतो, द्रव अडवतो. त्याच्या आत ती काळी चकती: कार्बनची भुकटी, त्यात मँगनीजच्या ऑक्साइडचा उत्प्रेरक, बांधायला पुन्हा टेफ्लॉन, आणि हे सगळं निकेलच्या बारीक जाळीवर दाबून बसवलेलं. ही चकती एकाच वेळी ओली आणि कोरडी असावी लागते. पूर्ण भिजली तर हवा शिरत नाही, पूर्ण कोरडी राहिली तर द्रावण पोचत नाही. वायू, द्रव आणि घन जिथे एकमेकांना भिडतात, तिथेच काय ती क्रिया होते. १९३२ साली अमेरिकेतल्या नॅशनल कार्बन कंपनीतल्या हाइसे आणि शुमाकर यांनी हे संतुलन सच्छिद्र कार्बनला मेण पाजून साधलं होतं. त्यांचे सेल थोराड होते, रेल्वेच्या सिग्नलांना वर्षानुवर्षं मंद वीज पुरवायचे. मेणाच्या जागी टेफ्लॉन आलं, इंधन-सेलच्या संशोधनातून पातळ इलेक्ट्रोड करायची रीत हाती आली, आणि १९७० च्या दशकात तीच कल्पना कानात मावेल एवढी झाली.

चकतीच्या पलीकडे विभाजकाचा पापुद्रा, आणि त्यानंतर जस्त. पत्रा नव्हे, भुकटी. घट्ट जेलमध्ये कालवलेली, म्हणजे कणाकणाला द्रावण भिडतं. ग्रॅमभर जस्तात ८२० मिलिअँपिअर-तास असतात, तेव्हा ३१२ च्या पोटात ०.२२ ग्रॅमच्या आसपास जस्त पुरतं. भरणाऱ्याला मोह होईल, आणखी थोडं दाबावं. पण जस्ताचं ऑक्साइड झालं की आकारमान दीडपटीहून अधिक वाढतं. तांदूळ शिजायला भांड्यात जागा सोडावी तशी इथे जस्ताच्या कप्प्यात १५ ते २० टक्के पोकळी ठेवावी लागते. पोकळी नसेल तर फुगलेलं ऑक्साइड चकतीला आतून रेटतं, तळ बाहेर येतो, आणि एवढ्याशा बॅटरीने श्रवणयंत्राचं दार अडकून बसतं. सेल जास्त काळ चालावा म्हणून त्यात कमी भरायचं: हिशेब उलटा वाटतो, पण या पोकळीतच रचनाकाराचा संयम दिसतो.

आणखी एक देखणी गोष्ट समीकरणात आहे. चकतीपाशी ऑक्सिजन पाणी वापरून हायड्रॉक्साइड तयार करतो. जस्तापाशी ते हायड्रॉक्साइड खर्च होऊन पाणी परत मिळतं. जमाखर्च शून्य. म्हणूनच थेंबभर द्रावणावर सगळा संसार चालतो.

कारखान्यातली कौशल्यं याहून रांगडी आहेत, पण चूक माफ न करणारी. जस्ताची वाटी तिहेरी पत्र्यातून डाय-पंचवर ओढून काढतात: बाहेर निकेल, मध्ये स्टेनलेस स्टील, आत तांबं. आतल्या तांब्याला काम आहे. जस्ताला लोखंड भिडलं की द्रावणातून हायड्रोजन सुटू लागतो. तांब्यावर तो सहजी सुटत नाही. पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या दशांशाएवढी, कारण भिंतीत गेलेली प्रत्येक जाडी जस्ताच्या वाट्यातून वजा होते. या वाटीच्या काठावर नायलॉनचं गॅस्केट, त्यावर निकेलचा मुलामा दिलेली दुसरी वाटी, आणि तिची कड प्रेसमध्ये आत दुमडून पक्की. पोटॅशियम हायड्रॉक्साइड मोठं चिवट असतं. ऋण बाजूच्या धातूवरून ते वर चढत जातं आणि केसाएवढी फट मिळाली तरी बाहेर येऊन पांढरं फुलतं. गॅस्केटवर सीलचा लेप हवाच, आणि दुमड सगळीकडे सारख्या दाबाची हवी. जर्मनीतल्या एलवांगेनला वार्टा असे सेल बनवते. तिथे काय किंवा इतरत्र काय, खरी परीक्षा एक चांगला सेल बनवण्याची नसतेच. सगळे सेल तसेच निघाले पाहिजेत, ही परीक्षा असते.

हायड्रोजनचा प्रश्न पूर्वी पाऱ्याने सोडवला होता. जस्ताच्या कणांवर पाऱ्याचा थर दिला की वायू सुटणं मंदावायचं. प्रत्येक सेलमध्ये पारा थोडासाच, पण असे सेल जगभर कचऱ्यात जायचे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०१५ पासून बटण-सेलमधल्या पाऱ्यावर बंदी आणली. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारतानेही २०१८ साली त्याला मान्यता दिली. मग जस्तातच इंडियम, बिस्मथ यांचे अंश मिसळून आणि धातूची शुद्धता वाढवून तेच काम करून घ्यावं लागलं. वापरणाऱ्याला यातलं काही कळलं नाही, आणि बनवणाऱ्यांना ते तसंच हवं असणार.

राहिली ती रंगीत पट्टी. तिला मी नुसतं झाकण म्हणणार नाही, कारण ती पुरती हवाबंद नसते, आणि हे मुद्दाम. तिच्या गोंदातून किंचित ऑक्सिजन आत जाऊ दिला जातो, सेल व्होल्टेज धरून राहील एवढाच. आत साचलेल्या हायड्रोजनलाही त्यामुळे वाट मिळते. अशा अर्धवट झोपेत सेल तीनेक वर्षं राहतो. पट्टी काढल्यावर मात्र जी घड्याळं सुरू होतात ती थांबत नाहीत: वापरा किंवा ठेवून द्या, काही आठवड्यांत तो सुकून जाणार. पट्टी परत चिकटवून वीज वाचत नाही. आणि काढल्याबरोबर मशीनमध्ये घालू नये. भोकं वर करून काही मिनिटं टेबलावर ठेवावा, चकतीपर्यंत ऑक्सिजन पोचू द्यावा.

दोषही आहेत, आणि रसग्रहण म्हणजे आरती नव्हे. ज्यांच्यासाठी हा सेल केला, त्यातले बहुतेक वृद्ध. त्यांच्या थरथरत्या बोटांना चार मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची चकती धरणं आणि पट्टी सोलणं हा जाचच आहे. लांब पट्ट्या आल्या, पाकिटाच्या तबकड्या आल्या, तरी तो पुरता संपलेला नाही. लहान मुलांच्या हाती हा सेल लागता कामा नये, हे वेगळं सांगायला नको. आणि त्याचा शेवट फार आकस्मिक असतो. १.४ व्होल्टपासून सुरू होऊन तो काम करताना १.२-१.३ च्या पट्ट्यात दिवसेंदिवस जवळजवळ सपाट चालतो, कारण बाहेरचा ऑक्सिजन कधी कमी होत नाही. मग जस्त संपलं की एकदम बसतो. मशीन दोनदा पिक् करतं आणि समोरच्याचं वाक्य अर्धवट राहतं. आता रिचार्ज होणारी लिथियम-आयन श्रवणयंत्रं आली आहेत आणि सोयीत ती सरस आहेत, हे मान्य करायलाच हवं. पण एवढ्या जागेत एवढी ऊर्जा, तीही पाण्यातल्या, न पेटणाऱ्या द्रावणावर, हे त्यांना जमलेलं नाही. रचना म्हणून मी ३१२ लाच वरचा क्रमांक देईन.

पटत नसेल तर एक प्रयोग करा. घरात कुणी असे सेल वापरत असेल, तर पट्टी काढलेला नवा सेल आणि पुरता संपलेला त्याच कंपनीचा सेल घेऊन ओळखीच्या सराफाकडे जा आणि दोन्ही त्याच्या काट्यावर ठेवायला सांगा. संपलेला जड भरेल, सुमारे ५० मिलिग्रॅमने. तो त्याने आत घेतलेला ऑक्सिजन आहे.